फाइल मॅनेजरमधील ड्राइव्हची यादी: स्थानिक आणि नेटवर्क ड्राइव्ह दाखवण्याची रचना, टप्प्याटप्प्याने

फाइल मॅनेजर तयार करणारे बहुतेक जण ड्राइव्हच्या यादीचे काम आयकॉनपासून सुरू करतात: हार्ड डिस्कला एक चित्र, पेन ड्राइव्हला दुसरे, सर्व्हरला तिसरे. विकसकाच्या संगणकावर ही यादी छान दिसते. मग ती एखाद्या कार्यालयात पोहोचते, तिथला फाइल सर्व्हर कोणीतरी बंद केलेला असतो, आणि स्वतःच्याच डी ड्राइव्हमधील फाइल शोधण्यासाठी वापरकर्त्याने विंडो उघडली की ती पांढरी पडून अर्धा मिनिट तशीच राहते. दोष आयकॉनमध्ये नसतो, कामाच्या क्रमात असतो. यादीत ड्राइव्हचे नाव दाखवणे आणि त्या ड्राइव्हला काही विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती वेगळी ठेवली नाहीत, तर संपूर्ण विंडो सर्वांत मंद ड्राइव्हच्या गतीने चालू लागते.

पुढील टप्पे विंडोज आणि लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. मॅकओएसचा उल्लेख वागणूक वेगळी आहे तिथेच येतो. आयकॉन, रंग आणि पट्ट्या यांना इथे मुद्दामच उशिरा जागा दिली आहे, कारण आधीचे निर्णय झाल्याशिवाय किती आयकॉन लागणार हेच ठरत नाही.

## तयारी: टेबलावर काय हवे

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी खालील साहित्य जमवावे. यातील प्रत्येक वस्तू कोणता ना कोणता सोपा नियम मोडते.

- दोन पार्टिशन (स्वतंत्र भाग) केलेला पेन ड्राइव्ह
- यूएसबीने जोडायची बाह्य हार्ड डिस्क
- आत कार्ड नसलेला कार्ड रीडर
- विंडोजच्या बिटलॉकरने किंवा लिनक्सच्या लक्सने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेले पार्टिशन
- पासवर्ड लागणारा एसएमबी शेअर (विंडोजच्या पद्धतीने नेटवर्कवर खुला केलेला फोल्डर) आणि लिनक्ससाठी एक एनएफएस माउंट (लिनक्स-युनिक्सच्या पद्धतीने जोडलेला नेटवर्क फोल्डर)
- हवा तेव्हा बंद करता येईल असा एक सर्व्हर. घरातील जुना संगणकही चालेल

आता प्रत्येक वस्तू जोडून ऑपरेटिंग सिस्टीम तिच्याविषयी नेमके काय सांगते, ते कागदावर उतरवून घ्यावे. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो गाळला जातो. विंडोजला ड्राइव्हचा प्रकार विचारला, तर पेन ड्राइव्हसाठी बहुधा 'काढता येणारा' असे उत्तर येते, पण यूएसबीच्या बाह्य हार्ड डिस्कसाठी 'स्थिर' असे येते. म्हणजे 'प्रकार काढता येणारा असेल तरच इजेक्टचे (सुरक्षितपणे काढण्याचे) बटण दाखवावे' असा नियम लिहिल्यास नेमक्या बाह्य डिस्कपुढे बटण येत नाही आणि लोक ती तशीच ओढून काढतात. यासाठी ड्राइव्हच्या प्रकाराबरोबर तो कोणत्या बसवर (यूएसबीसारख्या कोणत्या जोडणीवर) जोडला आहे, हेही विचारावे लागते. लिनक्सवर अडचण उलटी असते. तिथे माउंटची कच्ची यादी वाचली की टेम्पएफएस, सीग्रुप आणि स्नॅप पॅकेजांचे स्क्वॉशएफएस अशा प्रणालीच्या अंतर्गत वापराच्या डझनावारी ओळी समोर येतात आणि वापरकर्त्याचे खरे ड्राइव्ह त्यात हरवून जातात.

तपासा: नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे प्रकार, बस, फाइल सिस्टीम, लेबल आणि यूयूआयडी (फॉरमॅट केलेल्या भागाचा ओळखक्रमांक) हे पाच रकाने भरलेले आहेत का? एखादा रकाना रिकामा राहत असेल तर तीही नोंदच आहे, कारण प्रत्यक्ष वापरातही तो रिकामाच येणार आहे.

## टप्पा १: एक ओळ म्हणजे नेमके काय, हे ठरवणे

उपकरण, व्हॉल्यूम आणि माउंट हे तीन वेगळे थर आहेत. उपकरण म्हणजे हातात धरता येणारी वस्तू, व्हॉल्यूम म्हणजे तिच्यावरील फॉरमॅट केलेला भाग, आणि माउंट म्हणजे तो भाग सध्या कोणत्या मार्गावर उघडलेला आहे याची नोंद. लिनक्समधील जीआयओ लायब्ररी हे थर जीड्राइव्ह, जीव्हॉल्यूम आणि जीमाउंट अशा तीन स्वतंत्र वस्तूंत मांडते. विंडोजवर ड्राइव्हच्या अक्षरामुळे तिन्ही थर एकच असल्यासारखे भासतात. अक्षर हे फक्त माउंटचे नाव आहे. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला की ते बदलू शकते.

यादीतील एक ओळ म्हणजे एक व्हॉल्यूम, हा नियम सर्वांत कमी त्रास देतो. माउंटला ओळ मानले, तर जोडलेले पण अजून न उघडलेले पार्टिशन दिसतच नाही. उपकरणाला ओळ मानले, तर दोन पार्टिशनच्या पेन ड्राइव्हवर क्लिक केल्यावर काय उघडावे, याला उत्तर उरत नाही. रिकाम्या कार्ड रीडरची ओळ दाखवू नये. नेटवर्कवरच्या शेअरला उपकरण नसते. त्याच्या बाबतीत सर्व्हर हा वरचा थर मानावा.

इशारा: एकाच व्हॉल्यूमचे दोन माउंट असू शकतात आणि एकच शेअर मॅप केलेल्या अक्षराने (शेअरला जोडून दिलेल्या ड्राइव्हच्या अक्षराने) व सर्व्हरच्या पत्त्याने असा दोन मार्गांनी उघडलेला असू शकतो. अशा वेळी दोन ओळी न दाखवता एकाच ओळीला दोन मार्ग जोडावेत.

## टप्पा २: अवस्थांचा तक्ता

बहुतेक प्रकल्पांत ड्राइव्हला 'आहे' आणि 'नाही' अशा दोनच अवस्था दिलेल्या आढळतात. स्थानिक ड्राइव्हला किमान चार लागतात: जोडलेला पण न उघडलेला, उघडलेला, कुलूपबंद, आणि काढण्याच्या तयारीत असलेला. नेटवर्क ड्राइव्हला त्याहून अधिक: जतन केलेला पण न जोडलेला, जोडला जात असलेला, जोडलेला, निष्क्रिय, उत्तर न देणारा, आणि प्रवेश नाकारलेला.

यातील 'निष्क्रिय' ही अवस्था सर्वाधिक वेळा विसरली जाते. विंडोज सर्व्हर वापरात नसलेली जोडणी स्वतःहून तोडतो आणि मूळ सेटिंगनुसार हा काळ १५ मिनिटांचा असतो. वापरकर्ता चहा घेऊन परत येतो, तर मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते. तो सर्व्हर बंद पडल्याची तक्रार करतो. प्रत्यक्षात त्या ओळीवर क्लिक केले की जोडणी लगेच पूर्ववत होते आणि फोल्डर उघडतो. फुली दाखवणाऱ्या रचनेने 'जोडणी विश्रांतीत आहे' आणि 'सर्व्हर सापडत नाही' या दोन गोष्टींना एकच चिन्ह दिलेले असते. निष्क्रिय ड्राइव्ह नेहमीसारखाच दाखवावा आणि लाल चिन्ह केवळ प्रयत्न करून अपयश आल्यानंतरच लावावे.

प्रवेश नाकारला गेल्याचीही कारणे वेगळी ठेवावीत. चुकीचा पासवर्ड, शेअरवर हक्क नसणे आणि आधीपासून दुसऱ्या नावाने जोडलेले असणे या तीन वेगळ्या बाबी आहेत. शेवटची विंडोजवर हमखास आडवी येते: एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वापरकर्तानावांनी जोडू दिले जात नाही आणि १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. त्यावर पुन्हा पासवर्डची चौकट दाखवली, तर वापरकर्ता बरोबर पासवर्ड कितीही वेळा टाकत बसला तरी उपयोग नाही. 'या सर्व्हरला तुम्ही दुसऱ्या नावाने आधीच जोडलेले आहात. ती जोडणी तोडून पुन्हा जोडायचे का?' असे विचारावे.

तपासा: तक्त्यातील प्रत्येक अवस्थेपुढे तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: ओळ कशी दिसेल, क्लिक केल्यावर काय होईल आणि पुढच्या अवस्थेत कशामुळे जाईल. क्लिकचा रकाना रिकामा असलेली अवस्था म्हणजे वापरकर्त्यासाठी बंद गल्ली.

## टप्पा ३: ड्राइव्हला हात न लावता यादी रंगवणे

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. विंडो उघडताना यादी केवळ दोन ठिकाणांहून भरावी: ऑपरेटिंग सिस्टीमकडे आधीच असलेली नोंद, आणि आपल्या प्रोग्रॅमने मागच्या वेळी जतन केलेली माहिती. मार्ग अस्तित्वात आहे का, मोकळी जागा किती, आत किती फोल्डर आहेत, यांपैकी काहीही यादी पडद्यावर येण्यापूर्वी विचारू नये.

निरुपद्रवी वाटणारी तपासणीही महागात पडते. लिनक्सवर एनएफएस 'हार्ड' पद्धतीने माउंट केलेले असेल आणि सर्व्हर गेला, तर त्या मार्गावरील साधी 'ही फाइल आहे का' अशी विचारणासुद्धा सर्व्हर परत येईपर्यंत अडकून राहते. तिला टाइमआउट नसतो आणि आपल्या थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) ती मध्येच सोडता येत नाही. ऑटोएफएस (मार्ग वापरला जाताच शेअर आपोआप माउंट करणारी सोय) असेल तर उलटा प्रकार घडतो: कोणी न मागितलेला शेअर केवळ यादी दाखवण्यासाठी मार्गाला स्पर्श झाल्याने माउंट होऊ लागतो.

यावर 'वेगळ्या थ्रेडमध्ये विचारावे' हे सर्वांना ठाऊक असलेले उत्तर अर्धेच आहे. दर दहा सेकंदांनी मोकळी जागा विचारणारा टायमर असेल आणि एक ड्राइव्ह उत्तर देत नसेल, तर दर वेळी आणखी एक थ्रेड अडकतो. थोड्याच वेळात थ्रेड पूल (थ्रेडचा मर्यादित साठा) भरतो आणि अगदी चांगल्या स्थितीतील सी ड्राइव्हचे उत्तरही रांगेत थांबते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

1. जतन केलेल्या माहितीवरून यादी ताबडतोब दाखवावी. ०.१ सेकंदाच्या आत ओळी दिसल्या तर विंडो लगेच उघडल्यासारखी वाटते.
2. स्थानिक आणि नेटवर्क ड्राइव्हच्या विचारणा दोन वेगळ्या पूलमध्ये ठेवाव्यात.
3. एका ड्राइव्हसाठी एका वेळी एकच विचारणा चालू ठेवावी. आधीचे उत्तर आले नसेल तर दुसरी पाठवू नये.
4. नेटवर्कवरील विचारणा वेगळ्या मदतनीस प्रोसेसमध्ये चालवणे उत्तम. ती अडकली तरी मुख्य प्रोग्रॅम सुरळीत बंद होतो.
5. सुमारे ५ सेकंदांत उत्तर न आल्यास ओळीची अवस्था 'उत्तर न देणारा' करावी. मागाहून उत्तर आलेच तर अवस्था गुपचूप सुधारावी, त्यासाठी सूचना झळकवू नये.

बदलांच्या सूचनांवरही डोळे मिटून विसंबू नये. लिनक्समधील इनोटिफाय आपल्या संगणकावरून झालेले बदल कळवते. शेअरवर दुसऱ्या संगणकाने ठेवलेली फाइल ते सांगत नाही. नेटवर्क फोल्डर उघडा असताना स्पष्ट दिसणारे 'ताजे करा' बटण म्हणूनच लागते.

इशारा: पेन ड्राइव्हवरील ऑटोरन फाइलमधून नाव आणि आयकॉन वाचून दाखवू नयेत. पेन ड्राइव्हला फोल्डरचे रूप देणारे व्हायरस हाच दरवाजा वापरतात.

तपासा: सर्व्हर बंद करावा, प्रोग्रॅम पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा आणि लगेच स्थानिक ड्राइव्हवर क्लिक करावे. तो नेहमीच्याच वेगाने उघडला नाही, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा ४: गट आणि क्रम

तीन गट पुरतात: या संगणकातील, काढता येणारे, नेटवर्कवरील. गटांमधील क्रम स्थिर ठेवावा. उत्तर न देणारी ओळ तळाशी नेण्याचा मोह टाळावा, कारण बोट क्लिकपर्यंत पोहोचेतो ओळ सरकली, तर भलताच ड्राइव्ह उघडतो. आणि तीच क्रिया इजेक्टची असेल तर नुकसानही होते. ओळ जागच्या जागी फिकट करावी.

ईएफआय आणि रिकव्हरी (संगणक सुरू करण्यासाठीची आणि दुरुस्तीसाठीची पार्टिशन) आणि वर उल्लेखलेली तांत्रिक माउंट लपवावीत. लिनक्सवर प्रशासकाने एफएसटॅब या माउंटच्या सेटिंग फाइलमध्ये एखादे माउंट दाखवण्याचा किंवा लपवण्याचा पर्याय लिहिलेला असेल, तर आपला नियम बाजूला ठेवून तो मानावा.

नेटवर्कच्या गटात वापरकर्त्याने जतन केलेले शेअर आणि शोधातून आपोआप सापडलेले संगणक यांची सरमिसळ करू नये. जतन केलेली ओळ सर्व्हर बंद असला तरी राहते, सापडलेली नाहीशी होऊ शकते. शोधावर फार भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबीची जुनी आवृत्ती एसएमबी १ मूळ स्थापनेत दिले जात नाही आणि त्याबरोबर शेजारचे संगणक पाहण्याची जुनी पद्धतही गेली. आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी किंवा एमडीएनएस या शोधपद्धतींवर शोध चालतो, आणि दोन्ही सर्वसाधारणपणे एकाच स्थानिक नेटवर्कपुरते काम करतात. राउटरपलीकडच्या इमारतीतील सर्व्हर त्यांत दिसत नाही. त्यामुळे पत्ता हाताने लिहिण्याची चौकट मेनूच्या पोटात न दडवता याच गटाच्या शेवटी ठेवावी, आणि तिने उलट्या (\) तसेच सरळ (/) अशा दोन्ही तिरप्या रेघा स्वीकाराव्यात. लोक पत्ता ईमेलमधून उचलून चिकटवतात.

## टप्पा ५: नाव

नाव ठरवण्याचा क्रम असा ठेवावा: वापरकर्त्याने दिलेले नाव, ते नसल्यास लेबल, तेही नसल्यास उपकरणाचे नाव, आणि काहीच नसेल तर आकारमान व प्रकार, उदाहरणार्थ '३२ जीबी पेन ड्राइव्ह'. शेअरच्या बाबतीत आधी शेअरचे नाव आणि मग सर्व्हरचे लिहावे, कारण अरुंद साइडबारमध्ये शेवटचा भाग कापला जातो आणि कापला जाणारा भाग सर्व्हरचा असलेला बरा. मात्र दोन सर्व्हरवर 'डेटा' याच नावाचे शेअर असतील, तर सर्व्हरचे नाव दुसऱ्या ओळीत पूर्ण दाखवावे. विंडोजवर अक्षर गाळू नये. फोनवर मदत मागणारा माणूस 'झेड ड्राइव्ह'च म्हणतो.

वापरकर्त्याने दिलेले नाव डिस्कच्या लेबलमध्ये लिहिणे ही चूक मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत लगेच उघडी पडते. लिनक्सची फाइल सिस्टीम ईएक्सटी४ चे लेबल १६ बाइटचे असते आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'सातबारा' या शब्दात काना धरून ७ चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. डिस्कवर 'सातबा' एवढेच मावते. पेन ड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या फॅट३२ या फाइल सिस्टीमचे लेबल ११ बाइटचे असून त्यात देवनागरी भरवशाने साठवता येत नाही. त्यामुळे दिलेले नाव प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदीत, यूयूआयडीशी बांधून ठेवावे. यातही एक खोच आहे: क्लोन केलेल्या दोन डिस्कचा यूयूआयडी सारखाच असतो, म्हणून त्याबरोबर उपकरणाचा अनुक्रमांकही नोंदवावा.

लांब नाव कापताना बाइट किंवा चिन्हे मोजून कापू नये. अक्षर आणि त्याची वेलांटी यांच्यामध्ये कात्री चालली, तर वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते किंवा 'क्ष'चा 'क्' उरतो. संपूर्ण दृश्य अक्षर हे एकक मानावे. ओळीची उंचीही इंग्रजी नावावर बेतू नये.

तपासा: 'वार्षिकी', 'कृषी' आणि 'मूर्ती' ही नावे देऊन पाहावीत. रफार, वेलांटी, ऋकार किंवा ऊकार यांपैकी काहीही कापले जात असेल तर ओळ ठेंगणी आहे.

## टप्पा ६: जागेची पट्टी

मोकळी जागा आणि वापरता येणारी जागा एक नव्हेत. ईएक्सटी४ मूळ सेटिंगनुसार ५ टक्के जागा रूटसाठी (प्रशासकाच्या खात्यासाठी) राखून ठेवते, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर सुमारे ५० जीबी. शेअरवर कोटा असेल तर सर्व्हरवर कितीही जागा असली तरी वापरकर्त्याला त्याच्या वाट्याचीच मिळते. पट्टीवर नेहमी वापरता येणारी जागा दाखवावी. मॅकवरील एपीएफएस या फाइल सिस्टीममध्ये अनेक व्हॉल्यूम एकाच कंटेनरमधील जागा वाटून घेतात. तिथे प्रत्येक ओळीवरील मोकळ्या जागेची बेरीज करून एकूण आकडा कुठेही दाखवू नये.

एककांबाबत आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमची पद्धत पाळावी. १ टीबीची डिस्क विंडोजवर सुमारे ९३१ जीबी दिसते आणि मॅकवर १ टीबी. दोन्ही आपापल्या हिशेबाने बरोबर आहेत, पण एकाच संगणकावर दोन आकडे दिसले तर दोष तुमच्या प्रोग्रॅमला लागतो.

इशारा: नेटवर्क ड्राइव्हचा आकडा अजून आलेला नसेल तर रिकामी पट्टी दाखवू नये. रिकामी पट्टी म्हणजे 'पूर्ण मोकळा', असाच तिचा अर्थ घेतला जातो. पट्टीच लपवावी.

## टप्पा ७: कृती आणि त्यांची नावे

इजेक्ट, जोडणी तोडणे आणि यादीतून काढणे या तीन कृतींना एकच आयकॉन देऊ नये. पहिली उपकरणाला लागू होते, दुसरी चालू जोडणीला आणि तिसरी जतन केलेल्या नोंदीला. दोन पार्टिशनच्या पेन ड्राइव्हवर एका ओळीवरून इजेक्ट केले, तरी दोन्ही ओळी जाणार आहेत हे आधी सांगावे. ड्राइव्ह व्यस्त असल्यास 'वापरात आहे' एवढ्यावर न थांबता शक्य असेल तिथे अडवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव द्यावे.

लिनक्सवर मोठी फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करताना प्रगती १०० टक्के दिसते, तरी डेटा अजून मेमरीतून डिस्कवर उतरत असतो. इजेक्ट दाबल्यापासून तो पूर्ण उतरेपर्यंत 'लिहिणे चालू आहे, काढू नका' असे ओळीवरच दाखवावे, आणि संपल्यावर तितक्याच स्पष्टपणे काढण्यास हरकत नसल्याचे सांगावे.

हटवण्याच्या बाबतीत फरक फार मोठा आहे. विंडोजवर मॅप केलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरील फाइल सर्वसाधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. अशा ठिकाणी डिलीट दाबल्यावर येणाऱ्या प्रश्नात 'ही फाइल परत आणता येणार नाही' हे वाक्य ठळक हवे आणि आधी निवडलेले बटण 'नको' हे असावे. ओढून टाकण्याच्या क्रियेतही घोळ होतो: एकाच ड्राइव्हवर ओढल्यास फाइल हलते, दुसऱ्यावर ओढल्यास तिची प्रत होते. तुमचा प्रोग्रॅम केवळ मार्गाची सुरुवात पाहत असेल, तर मॅप केलेले अक्षर आणि सर्व्हरचा पत्ता हे एकाच शेअरचे दोन मार्ग त्याला दोन ड्राइव्ह वाटतात. टप्पा १ मध्ये दोन मार्ग एका ओळीला जोडले असतील, तर तीच नोंद इथे वापरावी. शिवाय ओढत असतानाच कर्सरजवळ 'हलवा' किंवा 'प्रत करा' हा शब्द दिसावा.

## टप्पा ८: मोडतोडीच्या चाचण्या

सर्व्हर नीट बंद करणे ही सौम्य चाचणी आहे. खरी परीक्षा तो नुसता गप्प होण्याची. फायरवॉलमध्ये सर्व्हरकडे जाणारी पॅकेट आधी 'नाकारा' आणि मग 'टाकून द्या' अशा दोन्ही नियमांनी अडवून पाहावीत. नाकारल्यास त्रुटी लगेच येते, टाकून दिल्यास प्रोग्रॅम वाट पाहत बसतो, आणि टप्पा ३ मधील सर्व काळजी याच दुसऱ्या प्रसंगासाठी होती.

यानंतर लॅपटॉप कार्यालयाच्या नेटवर्कवर असताना झोपवावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जागा करावा. कॉपी चालू असताना केबल काढावी. सर्व्हरवर पासवर्ड बदलून जुन्याच सत्रातून फोल्डर उघडावा. संपूर्ण यादी केवळ कीबोर्डने चालवावी आणि स्क्रीन रीडर प्रत्येक ओळीची अवस्था बोलून दाखवतो का, ते ऐकावे. फिकट रंग त्याला दिसत नाही. विंडोजवर शेवटी प्रोग्रॅम प्रशासक म्हणून सुरू करावा. मूळ सेटिंगनुसार सामान्य सत्रात मॅप केलेली अक्षरे तिथे दिसत नाहीत. त्या वेळी नेटवर्कचा गट रिकामा दाखवू नये. ड्राइव्ह या सत्रात उपलब्ध नसल्याचे सांगणारी एक ओळ आणि तोच शेअर सर्व्हरच्या पत्त्याने उघडण्याचे बटण तिथे असावे.